माया आणि मुभा

मूल कोणाचें असें कोणीं विचारलें, तर आपण त्याच्या आईबापांचें नांव सांगतों, आणि तें योग्यच आहे. परंतु मुलाची भूक कोणाची, मुलाची झोंप कोणाची, त्याच्या अंगांतला सदरा आणि त्याच्या हातून झालेली चूक कोणाची, असे प्रश्न पुढें आले म्हणजे आपली जीभ थोडी अडखळते. तत्त्वतः हें सर्व मुलाचें आहे, हें आपण मान्य करतों. व्यवहारांत मात्र त्याचा सगळा कारभार आपण आपल्याकडे घेतलेला असतो. त्यानें केव्हां जेवावें, किती जेवावें, कोणाशीं खेळावें, पाहुण्यांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावें, हें सारें आपणच ठरवितों. हा कारभार आपण मायेनें पाहतों यांत शंका नाहीं. परंतु अज्ञानाच्या मिळकतीचा पालक कितीही मायाळू असला, तरी मिळकत त्याची होत नाहीं. धनी वयांत आला म्हणजे ती त्याच्या हवालीं करावी लागते. प्रश्न एवढाच कीं, ज्याला आपण एकही दिवस आपला कारभार पाहूं दिला नाहीं, तो धनी त्या दिवशीं काय करील ?

हा प्रश्न आम्हांस ग्रंथांनीं सुचविला असें सांगतां आलें असतें, तर आमच्या पेशास तें शोभलें असतें. पण तो सुचविला एका तांब्यानें. दोन वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत आमचा नातू आमच्याकडे राहावयास आला होता. त्याचें वय तेव्हां चार वर्षांचें. दुपारीं जेवणाचीं पानें मांडलीं जात असतांना त्यानें पाण्यानें भरलेला तांब्या दोन्ही हातांनीं उचलला आणि ओठ घट्ट मिटून तो स्वयंपाकघरांतून आमच्या दिशेनें येऊं लागला. त्याची सारी दृष्टि तांब्याच्या काठावर खिळली होती. प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या ठिकाणीं इतकी एकाग्रता आम्हीं क्वचितच पाहिली असेल. आम्ही लगबगीनें पुढें झालों, "अरे, सांडेल !" असें म्हणत तांब्या त्याच्या हातांतून काढून घेतला आणि पानांपाशीं नेऊन ठेवला. पाण्याचा एक थेंबही सांडला नाहीं, याचें आम्हांस थोडें समाधानही वाटलें.

गेल्या वर्षीं तो पुन्हा आला. आतां तो पांच वर्षांचा झाला होता. उंचीनें वाढला होता, बोलण्यांत चतुर झाला होता. एके दुपारीं आम्हींच त्याला म्हटलें, "बाळ, तेवढा तांब्या आण पाहूं." तो जागचा हलला नाहीं. आमच्याकडे शांतपणें पाहून म्हणाला, "आजोबा, सांडेल." पलीकडे त्याची आई, म्हणजे आमची कन्या, वाढीत होती. ती हंसून म्हणाली, "बाबा, हा शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा आहे." ती हंसली, आम्हांस हंसूं आलें नाहीं. एका वर्षांत मुलाच्या हातांत बळ वाढलें होतें, पण त्या हातांवरचा त्याचा भरंवसा मात्र आमच्या एका शब्दानें कमी झाला होता. आणि कन्येच्या बोलण्यावरून पाहतां हें आमच्या घरांत दुसऱ्यांदां घडत होतें.

आत्मविश्वास म्हणजे काय, याचा येथें थोडा विचार केला पाहिजे. मुलाला वारंवार "तूं हुशार आहेस, तूं शूर आहेस" असें सांगितलें म्हणजे तो उत्पन्न होतो, अशी अलीकडे पुष्कळ सुशिक्षित आईबापांची समजूत दिसते. पूर्वीच्या घरांत कौतुकाची कंजुषी होती, आतां त्याचा सुकाळ झाला आहे. पण स्तुतीनें आत्मविश्वास येतोच असें नाहीं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषींनीं १९९८ मध्यें प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतींत विचार करण्यासारखे आहेत. कांहीं कोडीं सोडविल्यावर एका गटांतील मुलांच्या बुद्धीची वाखाणणी केली, दुसऱ्या गटाच्या श्रमाची केली. पुढें ज्यांच्या बुद्धीची स्तुति झाली होती तीं मुलें सोप्या कामाकडे वळलीं आणि अपयश येतांच अधिक खचलीं. ज्यांच्या श्रमाची स्तुति झाली होती त्यांनीं अवघड काम पसंत केलें. याचें कारण उघड आहे. बुद्धिमान्‌ म्हणून एकदां नांव झालें, म्हणजे तें नांव राखण्याची चिंता मागें लागते. श्रमाला असें नांव राखावें लागत नाहीं.

आत्मविश्वास ही वस्तुतः एक प्रकारची स्मृति आहे. "हें मीं पूर्वीं केलें होतें, एकदां चुकलें, मग जमलें" ही आठवण ज्याच्यापाशीं आहे, तो नव्या कामाला हात घालतो. ती आठवण दुसऱ्यास देतां येत नाहीं, उसनी घेतां येत नाहीं आणि व्याख्यानानेंही उत्पन्न करतां येत नाहीं. घर बांधून माणूस गवंडी होतो आणि धैर्याचीं कामें करून धैर्यवान्‌ होतो, हें अॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत सांगून ठेवलें आहे. आम्ही हें मत वर्गांत कित्येक वर्षें शिकवीत आलों, आणि घरीं मात्र मुलाच्या हातांतला तांब्या काढून घेत आलों.

आपल्याकडे एक सुभाषित फार प्रसिद्ध आहे. पहिलीं पांच वर्षें मुलाचे लाड करावे, पुढें दहा वर्षें त्याला शिक्षा करावी, आणि सोळावें वर्ष लागलें कीं त्याच्याशीं मित्राप्रमाणें वागावें, असा त्याचा आशय. त्यांतलें ताडन आज कोणी फारसें मानीत नाहीं, लालन मात्र सर्वांस मान्य आहे. पण आमचा आक्षेप निराळा आहे. या तिन्ही अवस्थांत जें कांहीं करावयाचें तें बापानें करावयाचें आहे. लाड त्याचे, छडी त्याची आणि मैत्रीही त्यानेंच देऊं केलेली. मुलानें या पंधरा वर्षांत स्वतः काय करावें, याबद्दल सुभाषितकार मौन आहे. सोळाव्या वर्षीं ज्याच्याशीं मैत्री करावयाची तो मनुष्य मधल्या काळांत घडला कसा, हा प्रश्न त्यानें विचारलेलाच नाहीं, आणि आपणही तो फारसा विचारीत नाहीं.

हा प्रश्न ज्यांनीं नेमका विचारला त्यांत जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याचें नांव अग्रभागीं आहे. मनुष्याचें ज्ञानोदयाकडे जाणें म्हणजे काय, या विषयावर त्यानें १७८४ मध्यें एक लहानसा निबंध लिहिला. माणसें दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पितात याचें कारण बुद्धीचा अभाव नव्हे, तर स्वतःची बुद्धि वापरण्याच्या धैर्याचा अभाव होय, असें त्याचें म्हणणें. तेथें त्यानें दृष्टांत घेतला आहे तो पांगुळगाड्याचा. पालक म्हणविणारे लोक आपल्या ताब्यांतील माणसांना पांगुळगाड्याबाहेर पाऊल टाकूं देत नाहींत आणि बाहेरचा धोका वर्णन करून सांगतात. खरें पाहतां तो धोका फार मोठा नसतो. दोनचार वेळां पडलीं म्हणजे तीं माणसें चालावयास शिकतील. पण एकदां पडल्याचें उदाहरण डोळ्यांपुढें आलें, कीं तीं इतकीं भितात कीं पुन्हा प्रयत्न म्हणून करीत नाहींत. कांट बोलत होता तें राजे, धर्माधिकारी आणि प्रजा यांच्याबद्दल. तो स्वतः ब्रह्मचारी होता आणि त्याच्या घरांत पांगुळगाडा असण्याचें कारण नव्हतें. तरीही "सांडेल" या आमच्या शब्दाचें इतकें अचूक विवेचन आम्हांस अन्यत्र सांपडलें नाहीं.

मुलांविषयीं लिहिणाऱ्या थोर पुरुषांचा इतिहास एरवीं कांहींसा खिन्न करणारा आहे. १७६२ मध्यें 'एमिल' लिहून मुलाला निसर्गाच्या हातीं सोंपविण्याचा उपदेश करणाऱ्या रूसोनें स्वतःचीं पांचही मुलें अनाथालयांत ठेवलीं, हें त्यानेंच आपल्या आत्मचरित्रांत कबूल केलें आहे. म्हणून ज्यांनीं मुलांमध्यें प्रत्यक्ष बसून विचार केला त्यांच्याकडे वळणें बरें. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांत सान लोरेन्झो नांवाच्या गरीब मजुरांच्या वस्तींत डॉ. मारिया माँटेसरी यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. तेथला एक प्रसंग त्यांनीं लिहून ठेवला आहे. एके दिवशीं त्यांनीं मुलांना नाक कसें शिंकरावें याचा धडा दिला. रुमाल कसा धरावा, आवाज न होतां नाक कसें पुसावें, हें हळूच करून दाखविलें. मुलें हंसतील अशी त्यांची अपेक्षा होती. पण मुलें तल्लीन होऊन पाहत राहिलीं आणि धडा संपतांच त्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. माँटेसरींनीं त्याचा अर्थ लावला तो असा, कीं नाकावरून त्या मुलांना उभ्या जन्मांत फक्त बोलणीं बसलीं होतीं. तें स्वच्छ कसें ठेवावें हें मात्र कोणींच त्यांना शांतपणें शिकविलें नव्हतें. त्या दिवशीं त्यांना जें मिळालें तें केवळ आरोग्याचें ज्ञान नव्हतें. चार माणसांत ताठ मानेनें वावरण्याचें साधन त्यांच्या हातीं आलें. शरीराची निगा आणि मनाचा मान या दोन गोष्टी लहान वयांत इतक्या एकरूप असतात.

पुढें १९३९ मध्यें माँटेसरी भारतांत आल्या आणि युद्धाचीं वर्षें त्यांनीं येथेंच काढलीं. पण त्यांच्या विचाराला मराठी मातींत रुजविण्याचें काम त्यापूर्वींच सुरू झालें होतें. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ मध्यें बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें आणि १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें; अनुताई वाघ यांची साथ त्यांना लाभली. वारली पाड्यांतलीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत गेली आणि "अंगणवाडी" हा शब्द आपल्याला मिळाला. महागड्या साधनांच्या जागीं तेथें शंखशिंपले, बिया, पानें आलीं. आणि पहिला पाठ पुष्कळदां अक्षरांचा नसून हातपाय धुण्याचा असे. स्वतःचें तोंड स्वतः धुतां येणें हें शिक्षण आहे, हें आपल्या पांढरपेशा वर्गाला अजून पुरतें पटलेलें नाहीं.

आणि इतक्या दूर तरी कशाला जावें ? १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत साने गुरुजींनीं लिहिलेली 'श्यामची आई' आपण प्रेमानें वाचतों आणि डोळे पुसतों. त्या अश्रूंत एक गोष्ट वाहून जाते. ती आई मायाळू आहे, पण मुलाचें काम स्वतः करून टाकणारी नाहीं. श्यामला पत्रावळ लावतां येत नाहीं, तेव्हां ती त्याला आयती मिळूं देत नाहीं; तो पोहावयास भितो, तेव्हां ती त्याला घरांत लपूं देत नाहीं. मारून पाण्यांत पाठविण्याची तिची रीत आज कोणी अनुसरूं नये. पण मुलाचें भय आपल्या पदराखालीं झांकून ठेवणें म्हणजे माया नव्हे, एवढें तिला पक्कें ठाऊक होतें. आम्ही तिची माया तेवढी उचलली आणि तिचा निर्धार पुस्तकांतच ठेवला.

कोणी म्हणेल कीं मुलांना काम नकोच असतें, त्यांच्यामागें लागावें लागतें. दीड वर्षाच्या मुलाकडे ज्यानें लक्षपूर्वक पाहिलें आहे तो असें म्हणणार नाहीं. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनीं २००६ मध्यें अठरा महिन्यांच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अनोळखी माणसाच्या हातून एखादी वस्तु खालीं पडली, अथवा हात भरलेले असल्यानें त्याला कपाट उघडतां येईना, तर बहुतेक मुलें न सांगतां पुढें होऊन साह्य करीत. पुढें २००८ मध्यें त्यांनीं असेंही दाखविलें, कीं साह्याबद्दल खेळण्याचें बक्षीस देऊं लागल्यावर मुलांची ही ओढ कमी होते. म्हणजे उत्साह निसर्गानें दिलेला आहे. तो मारण्याचे उपाय तेवढे आपले. दोन वर्षांचें मूल केरसुणी ओढूं लागतें तेव्हां आपण "मध्यें लुडबुड करूं नकोस" म्हणतों, आणि बाराव्या वर्षीं "काडी इकडची तिकडे करीत नाहीं" म्हणून त्याच्यावर रागावतों. मधल्या दहा वर्षांत त्यानें आपली आज्ञा तंतोतंत पाळलेली असते.

मग करावें काय ? नवें शास्त्र नको, महाग साधन नको. घरांतल्या नित्याच्या गोष्टी पुरेशा आहेत. पहिली जेवणाची. पूर्वीं चिऊचा घास, काऊचा घास म्हणून भरवीत. त्यांत निदान आईचा आवाज आणि अंगणांतली चिमणी असे. आतां पुष्कळ घरांत मूल मोबाईलच्या पडद्याकडे पाहत असतें आणि घास त्याच्या नकळत तोंडांत जातो. त्या मुलाला भूक म्हणजे काय आणि तृप्ति म्हणजे काय हें कळणार कधीं ? पानांत थोडें वाढावें, आणखी हवें तें त्याला मागूं द्यावें, आणि पोट भरलें असें तो म्हणाला तर त्यावर विश्वास ठेवावा. सांडलें तर त्याच्याच हातीं फडकें द्यावें. दुसरी गोष्ट झोंपेची आणि खेळाची. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें लहान मुलांसाठीं जे दंडक घालून दिले, त्यांत तीनचार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठीं दहा ते तेरा तास झोंप, निदान तीन तास हालचाल आणि फार तर एक तास पडदा, असें प्रमाण सांगितलें आहे. आपल्या आज्यांनीं हें वाचलें असतें, तर त्यांत नवें काय असें त्यांनीं विचारलें असतें. दिवेलागणीला घरीं येणें, हातपाय धुणें, वेळेवर आडवें होणें, हा क्रम रोज सारखाच असला म्हणजे त्यासाठीं वाद घालावा लागत नाहीं. आणि वाद नसला म्हणजे आज्ञाही फारशी लागत नाहीं. मूल आपण होऊन अंथरुणाकडे वळतें.

तिसरी गोष्ट कपड्यांची आणि दप्तराची. बुटाची नाडी बांधावयास मुलाला पांच मिनिटें लागतात, आपल्याला अर्धें मिनिट. सकाळच्या घाईंत तें अर्धें मिनिट जिंकतें, आणि वर्षानुवर्षें जिंकतच राहतें. यावर उपाय सोपा, पण आपल्याला अवघड आहे : सर्वांनींच दहा मिनिटें आधीं उठणें. चौथी गोष्ट बोलण्याची. पाहुण्यांनीं मुलाला नांव विचारलें कीं उत्तर आपण देतों, डॉक्टरांनीं "कोठें दुखतें?" म्हणून मुलाला विचारलें तरी आपणच सांगतों. थोडा वेळ गप्प बसावें. मूल शब्द शोधीत असतें. पुढें वाण्याच्या दुकानांत हातीं पैसे देऊन त्याला पाठवावें आणि आलेली मोड त्यालाच मोजूं द्यावी. पांचवी गोष्ट भांडणाची. दोन मुलांच्या तंट्यांत मारामारीची वेळ येत नाहीं तोंवर न्यायाधीश होऊं नये. आपण निवाडा केला, कीं पुढच्या भांडणांत तीं समजुतीचा मार्ग शोधण्याऐवजीं पुन्हा आपल्याकडेच धांव घेतात.

याला मर्यादा आहे, हें आम्ही जाणतों. आगरकरांच्या पिढीनें ज्याचे ग्रंथ आदरानें वाचले त्या हर्बर्ट स्पेन्सरनें १८६१ च्या आपल्या शिक्षणविषयक पुस्तकांत, मुलाला त्याच्या कृतीचे स्वाभाविक परिणामच शिकवोत, असें प्रतिपादन केलें. परंतु तीन वर्षांच्या पोराच्या हातीं उघडा वस्तरा असला तर परिणामाची वाट पाहत बसतां येत नाहीं, हें त्यानेंही मान्य केलें आहे. आजचे रस्ते, रस्त्यावरचीं वाहनें आणि मोबाईलमधून घरांत शिरणारें जग यांत असे वस्तरे पुष्कळ आहेत. तेथें पालकानें पालकच राहिलें पाहिजे. आमची तक्रार एवढीच, कीं आपण तांब्याला वस्तरा समजतों, आणि खरा वस्तरा मात्र मुलानें रडूं नये म्हणून पुष्कळदां त्याच्या हातीं देतों.

आणखी दोन गोष्टी सांगितल्यावांचून हा विषय प्रामाणिकपणें पुरा होणार नाहीं. आपल्या जुन्या घरांत स्वावलंबनाचें शिक्षण नव्हतें असें नाहीं. पण त्याची विचित्र वांटणी झाली होती. मुलींना पानें मांडणें, भाजी निवडणें, अंथरुणें काढणें हें सर्व शिकविलें, आणि निर्णय घेण्याची मुभा मात्र दिली नाहीं. मुलग्यांना निर्णयाची मुभा दिली, आणि स्वतःचें ताट उचलावयास शिकविलें नाहीं. एकीला हात मिळाले, दुसऱ्याला आवाज मिळाला. अशीं दोन अर्धीं माणसें एकत्र बांधून आपण संसार पुरा झाला असें मानीत आलों. तांब्या मुलानेंही आणावा, आणि पाणी केव्हां प्यावें हें मुलीनेंही ठरवावें.

दुसरी गोष्ट अधिक बोंचणारी आहे. आपल्या घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंची आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळते आणि भातही शिजविते. तिच्याकडे बोट दाखवून आपल्या मुलांना "पहा, ती कशी स्वावलंबी आहे" असें सांगणारीं माणसें आम्हीं ऐकलीं आहेत. हें बोलणें क्रूर आहे. जें काम चुकलें तर कोणी उपाशी राहत नाहीं, तें मुलाला शिकवितें. ज्या कामावर घराची चूल अवलंबून आहे, तें मुलाला खातें. बालमजुरीविरुद्ध १९८६ मध्यें कायदा झाला आणि २०१६ मध्यें तो अधिक कडक झाला. तरी कुटुंबाला शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्याची वाट त्यांत मोकळी ठेवलेली आहे, आणि मदत कोठें संपते व ओझें कोठें सुरू होतें हें ठरविणें आपल्या विवेकावर सोंपविलेलें आहे. आपल्या मुलाला चुकण्याची मुभा द्यावयाची असें आपण म्हणतों, तेव्हां ती मुभा हेंही एक ऐश्वर्य आहे आणि तें त्या मुलीच्या वांट्याला आलेलें नाहीं, याचें स्मरण ठेवणें हा सभ्यपणाचा भाग आहे.

दर वर्षीं प्रवेशाच्या दिवसांत आमच्या टेबलापुढें सतराअठरा वर्षांचीं मुलें बसतात. "कोणता विषय घेणार ?" असें आम्ही मुलाला विचारतों आणि उत्तर शेजारच्या खुर्चींतून येतें. मूल बापाच्या तोंडाकडे पाहत असतें. अर्ज बापाच्या अक्षरांत भरलेला असतो. पूर्वीं आम्ही त्या बापांवर मनांतल्या मनांत चिडत असूं. आतां चिडवत नाहीं. त्यांनींही केव्हां तरी कोणाच्या हातांतून तांब्या काढून घेतला असेल, आणि पाणी सांडलें नाहीं म्हणून त्यांनाही आमच्याप्रमाणेंच समाधान वाटलें असेल.

यंदाच्या सुटींत नातू सहा वर्षांचा होऊन आला. आम्हीं त्याला कांहीं सांगितलें नाहीं. फक्त तांब्या अर्धाच भरून त्याच्या हाताला येईल असा ठेवला आणि वर्तमानपत्र उघडून बसलों. पहिले चार दिवस कांहीं घडलें नाहीं. पांचव्या दिवशीं पावलांचा आवाज आला. वर पाहावयाचें नाहीं असा आमचा निश्चय होता, आणि तो पाळणें आम्हांस फार जड गेलें. उंबऱ्यापाशीं तो अडखळला आणि पाणी सांडलें. त्यानें आमच्याकडे पाहिलें. आमच्या ओठांवर आलेला जुना शब्द आम्हीं गिळला, आणि फडकें कोठें असतें तेवढें सांगितलें.